रब्बी सरता सरता परसबाग

माघ महिन्यात बाजार भाजीपाल्याने भरलेला असतो. मेथीच्या जुड्या स्वस्तात मिळतात, त्यामुळे घरी वाफा करण्याची निकड भासत नाही. परंतु चैत्र-वैशाखात विहिरी खालावतात, पालेभाज्या महागतात आणि सामान्य कुटुंबाच्या ताटातून प्रथम नाहीशी होते ती हिरवी भाजी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील दर तीन बालकांपैकी सुमारे दोघांची स्थिती हीच होती. केवळ पालेभाजीने हा प्रश्न सुटणार नाही, हे खरे. तथापि, ती ताटातून जाऊ न देणे कुटुंबाच्या हाती आहे. "आता हंगाम टळला, पावसाळ्यात पाहू," असे म्हणून आपण नेमके हेच हातचे घालवतो.

फळापेक्षा पान बरे

उशिराच्या लागवडीचे सूत्र सोपे आहे. कोबी, फ्लॉवर, वाटाणा यांना दीर्घ थंडी लागते. त्यांचा नाद आता सोडावा. ज्यांचे पान खायचे, अशी अल्प मुदतीची पिके घ्यावीत. मेथी २५ ते ३० दिवसांत काढणीस येते. पालक महिन्याभरात पहिली कापणी देतो. तो उपटू नये, जमिनीपासून दोन-तीन बोटे वर कापावा, म्हणजे पुन्हा फुटतो. कोथिंबिरीसाठी धणे हलके रगडून दोन भाग करावेत व रात्रभर भिजवून पेरावेत.

ऊन वाढले की मेथी व कोथिंबीर लवकर फुलावर येतात. हा अपयशाचा भाग नव्हे. कोवळेपणीच काढणी करावी आणि चार-सहा रोपे मुद्दाम राखावीत. पुढील पेरणीचे बी घरातच तयार होते. सारे बी एकदम न पेरता दर आठ-दहा दिवसांनी एकेक ओळ पेरावी. फाल्गुनानंतर मात्र माठ, तांदुळजा, राजगिरा या उष्णता सोसणाऱ्या भाज्यांकडे वळावे. कुंपणावर मयाळू, मांडवावर दुधी किंवा कारले चढवल्यास भाजीबरोबर खालच्या वाफ्याला सावलीही मिळते.

पुदिन्याच्या बाजारातून आणलेल्या काड्याही ओल्या मातीत रुजतात. त्याला दुपारची सावली द्यावी. पानओवा व गवती चहा यांना डबा किंवा जुने घमेलेही पुरते. तळाला भोके मात्र हवीत.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दोन मीटर लांब व एक मीटर रुंद वाफ्याला दररोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे तर दहा लिटर, म्हणजे साधारण एक लहान बादली पुरते. कडक उन्हात ही गरज वाढते. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी घरोघरी वाया जाते. ते थेट वाफ्याला द्यावे. साबणाचे पाणी पालेभाजीला देऊ नये. मोरीच्या पाण्यावर केळ किंवा कर्दळ लावण्याची आपल्याकडील जुनी रीत त्यासाठी योग्य आहे. पाणी सायंकाळी द्यावे आणि मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. ओल अधिक टिकते.

मावा दिसल्यास ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. खाण्यापूर्वी भाजी स्वच्छ धुवावी. पालेभाजीबरोबर लिंबू खाल्ल्यास तिच्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते, हेही घरातील मंडळींना सांगावे.

शाळा आणि पंचायत

शालेय पोषण बागांविषयी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. अशा बागांना खरा धोका असतो तो उन्हाळी सुट्टीचा. मुले घरी जातात, पाणी कोण घालणार हे ठरलेले नसते आणि महिन्याभरात वाफे करपतात. म्हणून शिक्षकांनी सुट्टीची तारीख आधी पाहावी व तीवरून मागे मोजून शेवटची पेरणी ठरवावी. मेथीची शेवटची ओळ सुट्टीपूर्वी किमान पाच आठवडे पडली, तर ती मुलांच्या जेवणात येईल. राखलेले बी मुलांनी पुड्यांत बांधून घरी न्यावे; शाळेचा धडा मग घरच्या अंगणात पोहोचेल.

पंचायत सदस्यांनीही एक गोष्ट पाहावी. सार्वजनिक नळाभोवती सांडणारे पाणी डबकी व डास निर्माण करते. लहानशी चारी काढून तेच पाणी अंगणवाडीच्या वाफ्याकडे वळवता येते. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. सुट्टीच्या दिवसांत वाफ्याकडे कोणी पाहायचे, एवढे नाव बैठकीत ठरले पाहिजे.

मूठभर बी, एक बादली पाणी आणि रोजची पंधरा मिनिटे, एवढ्यावर वैशाखातही घरच्या ताटात हिरवी भाजी राहू शकते. हंगाम सरत आला आहे, संपलेला नाही.