माहितीपत्रक नको, वेळापत्रक दाखवा

बारावीचा निकाल लागला की हिवरा आश्रम गावातले पालक विचारत येतात, "सर, पोरीला एकाच विषयात अडकायचं नाही. सगळं जोडून शिकवणारं कॉलेज कुठं आहे?" माझी उत्तरं आता पाठ झाली आहेत.

१. आधी प्रश्न, मग कॉलेज. लोणारचं सरोवर आपल्या शेजारी आहे. उल्काघातानं झालेलं विवर, म्हणून भूशास्त्राचं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे, हे पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं, म्हणजे जीवशास्त्राचंही. काठावरची देवळं इतिहासाची. त्याच वर्षी ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, तिथं कायदा आला. असा अनेक विषयांत शिरणारा एखादा प्रश्न मुलाला छळत असेल तर आंतरविद्याशाखीय पदवी घ्यावी. 'काहीच ठरत नाही' म्हणून घेऊ नये.

२. वेळापत्रक मागा. नव्या शैक्षणिक धोरणामुळे २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही मुख्य विषयासोबत मायनर (दुय्यम विषय) आणि ओपन इलेक्टिव्ह (खुले ऐच्छिक विषय) आले. यादी लांबलचक असते, पण शिकवायला माणूस ज्याचा, विषय तोच मिळतो. माझ्या एका विद्यार्थिनीला भूगोलासोबत संगणक हवा होता. पदरात पडलं गृहअर्थशास्त्र. हवा असलेला मायनर गेल्या वर्षी कोणी शिकवला, हे ऑफिसात नव्हे, दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा.

३. कृषीला नाक मुरडू नका. विवेकानंद आश्रमाचं कृषी महाविद्यालय गावातच आहे. चार वर्षांत माती, कीड, अर्थशास्त्र, यंत्रं, विस्तारशिक्षण. वर 'रावे'त, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवात, शेतकऱ्याच्या बांधावर काम. याहून जास्त विषय एका पदवीत मला तरी माहीत नाहीत.

४. फी. सगळं जोडून शिकवणाऱ्या खासगी विद्यापीठांचा आकडा वर्षाला लाखांत जातो. शिष्यवृत्तीचं तोंडी आश्वासन धरू नका, लेखी घ्या.

५. तारखा. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, विकास एकत्र शिकायचं तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं तुळजापूर केंद्र मी आवर्जून सुचवतो. पण तिथल्या पदवीचा रस्ता सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून जातो आणि तिचे अर्ज बारावीच्या निकालाआधीच बंद होतात. कृषीच्या सीईटीचंही तेच. तेव्हा पालकहो, पेढे घेऊन जूनमध्ये येण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत रिकाम्या हातानं या.