दुकानाची वही आणि विद्यापीठाची जाहिरात

धंद्याच्या पानावर नोकरीची चर्चा कशाला, असे आमचे काही व्यापारी बांधव विचारतील. कारण असे की विद्यापीठातील जागा मुलाला किंवा मुलीला मिळणार की नाही, याचा निकाल पुष्कळदा मुलाखतीच्या खोलीत लागत नाही. तो चार-पाच वर्षे आधीच वडिलांच्या दुकानातल्या कागदांत लागलेला असतो.

आमच्या परिचयाचे एक बागवान बंधू आहेत. मार्केट यार्डात फळांची आडत. मुलगी एम.एस्सी. झाली, पहिल्याच खेपेस सेट उत्तीर्ण झाली. एका विद्यापीठाची जाहिरात आली, तिच्या विषयात एक जागा इतर मागासवर्गासाठी होती. बागवान ही महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीय यादीतील जात. घरात आनंद झाला. मग नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रासाठी अर्ज केला तेव्हा कळले की मागील तिन्ही वर्षांच्या आयकर विवरणपत्रात आठ लाखांहून अधिक उत्पन्न दाखवलेले आहे. खरे उत्पन्न तेवढे नव्हते. गोदामासाठी कर्ज मोठे मिळावे म्हणून सल्लागाराने आकडा फुगवला होता आणि यांनी सही केली होती. आता खोटे म्हणावे तर बँकेपुढे अडचण, खरे म्हणावे तर मुलीची जागा गेली. मुलीने खुल्या प्रवर्गातून अर्ज भरला. तिची निवड झाली नाही.

हा प्रसंग एकट्याचा नाही, म्हणून थोडे तपशिलात जाऊ.

आपल्या राज्यात मुंबई (१८५७), नागपूर (१९२३), पुणे (१९४९), मराठवाडा (१९५८), शिवाजी (१९६२) अशी जुनी आणि अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर अशी नंतरची सार्वजनिक विद्यापीठे आहेत. त्यांचा कारभार २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमाने चालतो. जाहिरात निघते तेव्हा तिच्यात पदे बिंदुनामावलीप्रमाणे वाटलेली असतात. अनुसूचित जाती १३ टक्के, जमाती ७, इतर मागासवर्ग १९, शिवाय विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग यांचे वेगळे, २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांचे १० आणि २०२४ पासून सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचे १०. या प्रत्येकात ३० टक्के महिलांसाठी समांतर. एखाद्या विषयात एकच जागा असली तर ती कोणत्या प्रवर्गाला आली, यावर सारे अवलंबून.

यात मुसलमान म्हणून वेगळा रकाना नाही. २०१४ मध्ये अध्यादेशाने मुस्लिमांतील मागास गटांना ५ टक्के देऊ केले होते, पण उच्च न्यायालयाने नोकऱ्यांपुरती त्यास स्थगिती दिली व अध्यादेशाचे पुढे कायद्यात रूपांतर झाले नाही. तेव्हा आपल्याला मिळणारे आरक्षण धर्माच्या नावाने येत नाही, ते जातीच्या व व्यवसायाच्या मागासलेपणावरून येते. बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी-नदाफ ही नावे इतर मागासवर्गात येतात, छप्परबंद विमुक्त जातीत. इस्लाममध्ये जात नाही हे खरेच आहे, आणि काही बांधवांना असा दाखला काढणे खटकते. पण शासनाच्या कागदात ही जात म्हणजे पिढीजात धंद्याची व त्यातून आलेल्या मागासपणाची नोंद आहे. तिच्याने रोटी-बेटीच्या भिंती घालू नयेत, एवढे भान ठेवले म्हणजे दाखला काढण्यात आम्हाला गैर वाटत नाही.

अडचण दाखल्यातच आहे. इतर मागासवर्गाच्या दाव्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा मागतात, विमुक्त जाती व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. आपल्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ एवढेच लिहिलेले असते. आडनावाचाही घोळ. आजोबा बागवान, वडील शेख, मुलगा कागदावर नुसता नाव आणि बापाचे नाव. अशा वेळी एका दाखल्यावर न थांबता आजोबा, त्यांचे भाऊ, आत्या, चुलते या सर्वांचे शाळेच्या रजिस्टरचे उतारे काढावेत. एकाच्या नावापुढे ‘मुसलमान’ असते तर दुसऱ्याच्या पुढे ‘मुसलमान पिंजारी’ निघते. जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, कोतवाल बुक, जागेचे खरेदीखत, त्यात धंद्याचा उल्लेख असेल तर तोही ठेवावा. वडिलांकडील रक्ताच्या नातलगाचे वैधता प्रमाणपत्र आधीच असेल तर काम पुष्कळ सोपे होते. पडताळणी समिती जिल्ह्याच्या ठिकाणी असते आणि प्रकरणास महिने लागतात. जाहिरातीची मुदत मात्र काही आठवड्यांचीच. म्हणून मूल महाविद्यालयात असतानाच, महाविद्यालयाच्या पत्रासह प्रस्ताव दाखल करावा.

आता वहीकडे येऊ. नॉन-क्रीमीलेअरची मर्यादा २०१७ पासून वार्षिक आठ लाखांची आहे. उत्पन्नाच्या या कसोटीत आईवडिलांचा पगार व शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. दुकान, आडत, कारखाना, भाडे यांचे उत्पन्न धरतात. म्हणजे शिक्षक बापाच्या मुलापेक्षा दुकानदार बापाच्या मुलाला वही जास्त सांभाळावी लागते. उत्पन्न सलग तिन्ही वर्षे मर्यादेवर असेल तरच प्रमाणपत्र नाकारले जाते. एखाद्या वर्षी सणाच्या हंगामात धंदा चांगला झाला म्हणून घाबरून अर्जच न करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तसेच उलाढाल आणि उत्पन्न यांत गल्लत करू नये. चाळीस लाखांचा माल विकला म्हणजे चाळीस लाख मिळाले नव्हेत, पण तहसील कचेरीतल्या अर्जात उलाढालीचा आकडा लिहिणारे आहेत.

ज्यांची जात कोणत्याच यादीत नाही, असे अनेक सय्यद, पठाण, शेख बांधव आर्थिक दुर्बल घटकात येऊ शकतात. तेथे मागील आर्थिक वर्षाचे सर्व मार्गांचे कौटुंबिक उत्पन्न, पगार व शेतीसह, आठ लाखांच्या आत हवे. केंद्रीय विद्यापीठासाठी घर व जमिनीच्या अटीही आहेत. पाच एकर शेती किंवा हजार चौरस फुटांचा फ्लॅट असल्यास पात्रता जाते. हैदराबादच्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात अर्ज करायचा तर राज्याच्या नमुन्यातला इतर मागासवर्गाचा दाखला चालत नाही. केंद्राच्या यादीत जात असावी लागते व नमुनाही केंद्राचाच लागतो.

शिकवण्याच्या पदासाठी २०१८ च्या अनुदान आयोगाच्या नियमावलीत पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण, मागासवर्गास ५ टक्के सवलत, आणि नेट किंवा सेट सांगितली आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकाच्या सरळ भरतीस पीएच.डी. सक्तीची राहिली नाही. सातव्या वेतन आयोगात या पदाचे मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होते. पण जाहिरातीत ‘तासिका तत्त्वावर’ किंवा ‘अकरा महिन्यांसाठी’ हे शब्द आहेत का, ते आधी पाहावे. तासिका तत्त्वावर घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते. अशा नेमणुकीच्या भरवशावर दुकानाचा गाळा विकलेला एक गृहस्थ आम्हाला माहीत आहे.

शिक्षकेतर पदांकडे आपले लक्ष कमी जाते. लिपिकासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टंकलेखन व एमएस-सीआयटी मागतात. उर्दू माध्यमाच्या मुलांची गाडी इथे मराठी टंकलेखनावर अडते, वास्तविक सहा महिन्यांच्या सरावाचे काम आहे. प्रयोगशाळा, विद्युत विभाग, मुद्रणालय यांत वायरमन, सुतार, नळ कारागीर, बाइंडर अशीही पदे निघतात, जरी अलीकडे बरीचशी कामे बाहेरच्या एजन्सीला दिली जातात. आमच्या कारागिराचा मुलगा हे काम बापाच्या हाताखाली बारा वर्षे करत असतो, परंतु जाहिरात आयटीआयचे प्रमाणपत्र मागते आणि त्याच्याकडे ते नसते. वयाची अट राज्यात खुल्यास ३८, मागासवर्गास ४३ आहे, तेव्हा पंचविशीतला मुलगा अजूनही आयटीआय करू शकतो.

लग्न झालेल्या मुलींसाठी एक सूचना. जात वडिलांकडून धरतात, त्यामुळे दाखले माहेरच्या नावाचे असतात. नाव बदलले असेल तर निकाहनाम्यासोबत पालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे विवाह नोंदणी प्रमाणपत्रही काढून ठेवावे.

आणि ‘अमुक रक्कम ठेवा, जागा पक्की’ म्हणणारे दलाल जाहिरातीमागोमाग येतातच. लाच देणारा व घेणारा यांच्याविषयी आपल्या दीनची भूमिका वाचकांना सांगायला नको. त्यातही धंद्याचे भांडवल काढून दिलेला पैसा परत मिळाल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

वर सांगितलेल्या बागवान बंधूंनी आता विवरणपत्र खऱ्या आकड्याचे भरायला सुरुवात केली आहे. कर्जाचा हप्ता लहान घेतला, गोदाम अर्धेच बांधले. धाकटा मुलगा बारावीत आहे, त्याचा पडताळणी प्रस्ताव महाविद्यालयातूनच गेला. आजोबांच्या भावाचा शाळेचा उतारा चुलत्याच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या वजनमापांच्या पावत्यांखाली सापडला. त्यावर ‘बागवान’ स्पष्ट लिहिलेले आहे, साल १९५१.