लेकाच्या घराचा नंबर आत्ताच लाव

अगं, काल तू म्हणालीस, "ताई, आम्ही दोघं अजून धडधाकट आहोत, घाई कशाला?" धडधाकट आहात म्हणूनच घाई करायची. तुझ्या अपंग लेकाला स्वतंत्र राहायची सवय लावायला तुम्ही हाताशी हवेत.

न्यूजर्सीत त्याच्या एसएसआयचे, म्हणजे अपंगांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, महिन्याला जेमतेम हजार डॉलर येतात. तेवढ्यात एडिसनला एका बेडरूमचं घर मिळणं अशक्यच. म्हणून 'सेक्शन एट'च्या सरकारी घरभाडे-व्हाउचरसाठी नाव घाल. त्यात तो साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भाडं भरेल, वरचं भाडं ठरलेल्या मर्यादेपर्यंत हाउसिंग ऑथॉरिटी थेट घरमालकाला देईल. पण यादी वर्षानुवर्षं हलत नाही, कितीदा तर बंदच असते. तेव्हा एका गावावर विसंबू नकोस. आसपास जिथे यादी उघडेल तिथे अर्ज टाक. आणि पत्ता बदलला तर कळव. त्यांच्या पत्राला वेळेत उत्तर गेलं नाही की नाव कटतं. डीडीडीकडूनही, म्हणजे राज्याच्या विकासात्मक अपंगत्व विभागाकडूनही, घरभाड्याला मदत मिळू शकते. त्याच्या सपोर्ट कोऑर्डिनेटरला ते तोंडी विचारू नकोस, ईमेल कर.

सोबतीला रात्रंदिवस माणूस लागणार असेल, तर डॉक्टरांचं पत्र जोडून 'लिव्ह-इन एड' मागून घे. मंजूर झालं तर व्हाउचर ठरवताना त्या माणसाची बेडरूम वेगळी धरतात. भाऊजी म्हणत होते ना, एक काँडो घेऊन त्यालाच भाड्याने देऊ? आईबापांच्या घरासाठी व्हाउचर एरवी चालत नाही. पण भाडेकरू अपंग असेल आणि त्याच्यासाठी ती सोय गरजेची आहे हे ऑथॉरिटीला पटलं, तर अपवाद करता येतो. खरेदीच्या आधी त्यांच्याशी बोला, नंतर नाही.

आता जरा कडू बोलते. तो तुमच्याकडे आहे तोवर त्याच्याकडून भाडं घे. हो, पोटच्या पोराकडून! घरखर्चातला त्याचा वाटा तो देत नसेल, तर फुकटचा निवारा मिळतोय असं धरून एसएसआय कापतात, कधी साधारण तृतीयांशापर्यंत. साधा करार कर, दर महिन्याला त्याच्या खात्यातून पैसे वळते कर, नोंद ठेव. त्यात लाजायचं काय?

आणि सासूबाईंना प्रेमाने सांग, नातवाच्या नावावर पैसे ठेवू नका. त्याच्या नावावर २,००० डॉलरच्या वर शिल्लक गेली की एसएसआय थांबतो. द्यायचेच असतील तर अपंगांसाठीच्या 'एबल' बचत खात्यात द्यावेत; तिथले एक लाख डॉलरपर्यंत त्या हिशेबात धरत नाहीत. भाडंही त्यातून भरता येतं, फक्त काढलेले पैसे त्याच महिन्यात खर्चायचे. मोठी रक्कम किंवा घर ठेवायचं असेल, तर स्पेशल नीड्स ट्रस्ट करणारा वकील गाठ. आपला नेहमीचा टॅक्सवाला नको, त्याला यातलं कळत नाही.

"पुण्याला आणून ठेवा, बाई मिळेल," असं सगळे म्हणतात. बाई मिळेल गं, पण ती गेली की पुढे कोण? शिवाय सलग ३० दिवस देशाबाहेर राहिला तर एसएसआय बंद होतो, आणि परत आल्यावर पुन्हा सलग ३० दिवस इथे काढावे लागतात. तेव्हा पुण्याची डिसेंबरची तिकिटं तीन आठवड्यांचीच काढ.