कुळाची नामावळी : पूर्वजांचा शोध कसा घ्यावा

श्रीक्षेत्र नाशिक येथे गोदातीरी श्राद्धविधीस बसलेल्या यजमानास उपाध्याय प्रथम गोत्र आणि त्यानंतर पिता, पितामह व प्रपितामह यांची नावे विचारतात. मातृपक्षातील मातामह, प्रमातामह व वृद्धप्रमातामह यांचाही उच्चार विधीत होतो. आजोबांचे नाव बहुतेकांस ठाऊक असते. पणजोबांच्या नावापाशी अनेक जण अडखळतात आणि पणजीचे नाव तर क्वचितच कोणास सांगता येते. ज्यांना तिलांजली द्यावयाची, त्यांचेच नाव घरात उरलेले नसते.

या विस्मृतीवर क्षेत्रातच उपाय आहे. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या घराण्यांत यजमानांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेल्या आहेत. यात्रेस आलेल्या गृहस्थाने स्वतःचे, वाडवडिलांचे, बंधूंचे व पुत्रांचे नाव, मूळ गाव आणि मिती लिहून खाली सही करावी, अशी ही परंपरा होय. जुने लेख बहुधा मोडी लिपीत आढळतात. कित्येकांना आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर प्रथम येथेच पाहावयास मिळते.

उपाध्यायांचा शोध सध्याच्या वास्तव्यावरून लागत नाही. तो मूळ गाव, आडनाव व ज्ञाती यांवरून लागतो. मुंबई-पुण्यात तीन पिढ्या राहिलेल्या कुटुंबानेही मूळ गावाचे नाव सांगणे आवश्यक आहे. म्हणून यात्रेस निघण्यापूर्वी घरातील वृद्धांकडून मूळ गाव, कुलदैवत, गोत्र, पूर्वीचे आडनाव व ज्ञात पूर्वजांची नावे टिपून घ्यावीत. जुन्या पत्रिका, लग्नपत्रिका व जमिनीचे कागद यांचाही उपयोग होतो.

नोंद वाचताना तीन गोष्टींची दक्षता घ्यावी.

पहिली, नावांची पुनरावृत्ती. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्याने एकच नाव पिढीआड येते. पेशवे घराण्यात बाळाजी विश्वनाथांचे पुत्र बाजीराव व बाजीरावांचे पुत्र पुन्हा बाळाजी, हे उदाहरण सर्वपरिचित आहे. यास्तव नाव नेहमी पित्याच्या नावासह जुळवावे.

दुसरी, आडनाव. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही वतनावरून पडलेली नावे असल्याने एकाच आडनावाच्या दोन कुटुंबांचे कूळ एकच असेल असे नाही. दत्तकविधानानेही वंशाची रेषा बदलते.

तिसरी, कालगणना. शालिवाहन शकात ७८ मिळविले असता इसवी सन येतो. पौषाच्या सुमारास जानेवारी लागल्यानंतर वर्षाखेरीपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८०० म्हणजे सन १८७८-७९. केवळ संवत्सराचे नाव असेल, तर ते ६० वर्षांनी पुन्हा येते हे ध्यानी ठेवावे. अन्यथा दोन पिढ्यांची चूक होते.

नामावळीतील माहिती अन्य दप्तरांशी ताडून पाहणे श्रेयस्कर. गावच्या महसुली दप्तरातील फेरफार व वारस नोंदी, गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर यांतून चार-पाच पिढ्यांचा माग लागू शकतो. इनाम वा वतन असलेल्या घराण्यांनी पुणे येथील पुरालेखागारातील पेशवे दप्तराचाही विचार करावा. गया, प्रयाग, काशी, हरिद्वार येथील तीर्थपुरोहितांकडेही अशाच वह्या असतात. एखादा पूर्वज तेथे गेला असल्यास येथील तुटलेला दुवा तेथे सापडू शकतो. दोन स्वतंत्र नोंदी जुळल्याखेरीज कोणतीही पिढी निश्चित मानू नये.

सर्वांत मोठी उणीव स्त्रियांच्या नावांची आहे. जुन्या लेखांत पुरुषांचीच नावे प्राधान्याने येतात; विवाहानंतर नाव बदलल्याने माहेरचा धागाही तुटतो. तर्पणात मात्र माता, पितामही व प्रपितामही यांनाही तितकेच स्थान आहे.

म्हणून प्रत्येक यात्रेकरूने पूर्वजांचा लेख पाहून समाधान मानू नये. त्याखाली आपली नोंदही करावी. आई, पत्नी, सुना व कन्या यांची माहेर-सासरच्या नावांसह नोंद, सध्याचे गाव, तारीख व सही स्वच्छ अक्षरांत लिहावी. जुनी पाने जीर्ण असल्याने ती उपाध्यायांनाच उलटू द्यावीत व छायाचित्र त्यांच्या अनुमतीनेच घ्यावे. आज लिहिलेल्या चार ओळी हाच उद्या येणाऱ्या पणतवंडांचा आधार ठरणार आहे.