आजचं सुत्त: सतिपट्ठान आणि दुसऱ्याचा श्वास



आज मज्झिम निकायातलं १० वं सुत्त घेऊया, सतिपट्ठान. काया, वेदना, चित्त आणि धम्म या ४ ठिकाणी सजग कसं राहायचं, ते बुद्धांनी यात सांगितलंय. सुरुवात कायेपासून, आणि तीही श्वासापासून. श्वास लांब असेल तर लांब आहे हे जाणायचं, आखूड असेल तर आखूड. पालीत शब्द आहे 'पजानाति', म्हणजे नीट जाणतो.

हे सुत्त नुसतं वंदनेला म्हणण्यासाठी नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं होतात. १० दिवसांच्या शिबिरात पहिले ३ दिवस फक्त नैसर्गिक श्वास पाहायचा असतो. जुन्या साधकांच्या सतिपट्ठान शिबिरात तर हेच सुत्त समजावून सांगतात.

यातली एक गोष्ट माझ्याकडून कायम सुटायची. प्रत्येक भागानंतर सुत्त सांगतं, 'अज्झत्त' पाहा, 'बहिद्धा' पाहा, मग दोन्हीकडे पाहा. अज्झत्त म्हणजे आपल्या ठिकाणी, आणि बहिद्धा म्हणजे अट्ठकथेनुसार दुसऱ्याच्या ठिकाणी. मला वाटायचं, ध्यान म्हणजे मी, माझा श्वास, माझी शांती. पुण्याच्या रूमवर हेडफोन लावून बसायचो आणि मध्येच घरून फोन आला की चिडायचो.

मागच्या उन्हाळ्यात पप्पांना परभणीत दवाखान्यात ठेवलं होतं. रात्री उशाशी मी. डोळे मिटून बसलो तर मन नुसतं पळायचं. शेवटी पप्पांकडेच बघत राहिलो. आखूड श्वास. लांब श्वास. मध्येच थांबल्यासारखा व्हायचा, आणि इकडे माझाही अडकायचा. ही भीती आहे, हेही कळत होतं. पहाटे लक्षात आलं, रात्रभर याच सुत्ताचा अभ्यास चालला होता.

चौथ्या दिवशी पप्पा गेले.

सुत्त लगेच पुढे सांगतं, उत्पन्न होणं पाहा, नाहीसं होणं पाहा. ते मला अजून जमत नाही. रडू आलं की रडू आलंय एवढं जाणतो. तिथूनच पुन्हा सुरुवात करतो.

आजचा सराव: घरात आई, आजी, बाळ, कुणीही झोपलेलं असेल, तर मोबाईल बाजूला ठेवून ५ मिनिटं त्यांचा श्वास जाणा. गावापासून लांब असाल तर घरी फोन लावा. आणि आज मध्ये न बोलता ऐका.

सर्वांचं मंगल होवो.