वणव्याचे नाव मराठीत कसे लिहावे?

प्रश्न : इंग्रजीत वणव्याच्या नावाचे आद्याक्षर मोठे लिहितात, मराठीत ते नाव वेगळे कसे दाखवावे?
– एक वाचक, पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसल्यामुळे विशेषनाम, म्हणजे एकाच व्यक्तीला, स्थळाला वा घटनेला दिलेले नाव, ओळखण्याचा भार संदर्भावर आणि विरामचिन्हांवर पडतो. कॅलिफोर्नियातील २०१८ च्या ‘कॅम्प फायर’ला कॅम्प क्रीक रस्त्यावरून नाव मिळाले, इंग्रजीत काही वृत्तपत्रे दोन्ही शब्दांची आद्याक्षरे मोठी ठेवतात, तर काही ‘फायर’ हे सामान्यनाम मानून लहान लिहितात. अवतरणचिन्हांवाचून मराठी वाचकाला ती शिबिरातील शेकोटी वाटू शकते, आणि ज्या आगीत ८५ माणसे दगावली तिच्याविषयी असा गैरसमज अक्षम्यच होय. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाबाबतही हीच अडचण होती. ‘निसर्ग कोकणावर कोपला’ हे वाक्य चिन्हांशिवाय दोन अर्थांनी वाचता येते. म्हणून नाव एकेरी अवतरणचिन्हांत ठेवून ‘वणवा’ हा जातिवाचक शब्द चिन्हांबाहेर लिहावा : ‘कॅम्प’ वणवा. भारतात वणव्यांना अशी नावे देण्याची पद्धत नसल्याने गौताळ्यातील वणवा एवढा स्थळनिर्देश पुरेसा असून, तेथे चिन्हे घालू नयेत.