खाशाबांच्या पदकात आपला वाटा

चि. ओंकार यास,


‘खेळले ते अकरा जण, मग तुझी छाती का फुगते?’ असं मित्राने विचारलं आणि तू गप्प बसलास, हे तुझ्या पत्रात वाचलं. त्याच्यावर रागावू नकोस, त्याने विचारलं ते रास्तच आहे. अभिमान वाटावा, खुशाल वाटावा. पण त्यावर आपला हक्क कितपत, हे ज्याचं त्याने तपासावं.

खाशाबा जाधवांचंच घे. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण तिथवर जायलाच पैसे नव्हते. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर घर गहाण टाकून ७ हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर कराडहून त्यांच्या गावी, गोळेश्वरला, शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्या भरवून खर्डेकरांचे पैसे फेडले. १९८४ साली ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मिरवणूक संपल्यावर त्यांची आठवण किती जणांना राहिली, सांग.

त्यांच्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळालं ते थेट २०२४ साली, पॅरिसला, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला नेमबाजीत. मध्ये ७२ वर्षं गेली! पदकाचा अभिमान आपला, तर या ७२ वर्षांची खंतही आपलीच असायला हवी.

आणि पराभवसुद्धा. २००७ च्या क्रिकेट विश्वचषकात बांगलादेशकडून हरलो तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घराची लोकांनी नासधूस केली. जिंकले तर आपण, हरले तर ते, असल्या अभिमानाची मला चीड येते. तू त्यात कधी सामील होऊ नकोस.

अभिमानाचा हक्क कमवायचा तर जवळूनच सुरुवात कर. तुमच्या कॉलेजच्या खो-खोच्या मुली स्पर्धेला वर्गणी काढून जातात, असं तूच मागे लिहिलं होतंस. त्यांना प्रवासखर्चाला काय कमी पडतंय ते विचारून मला कळव. थोडे मी पाठवते, थोडे तू घाल. आणि त्यांचा सामना असेल त्या दिवशी मित्रालाही घेऊन मैदानावर जा.

तुझी,
आत्या